अण्णांची निवृत्ती : मानपत्र, ग्रॅच्युइटी आणि फॉर्म टेन-डी

कापडाच्या दुकानातले सेल्समन सहसा रिटायर होत नाहीत. एक दिवस यायचे थांबतात. कुणाचे गुडघे जातात, कुणाला मुलगा पुण्याला घेऊन जातो, कुणी आजारी पडतं ते परत येतच नाही. मालक घरी जाऊन पाकीट देतात, आम्ही स्टाफवाले चार जण भेटून येतो आणि गादीवर नवीन पोरगं बसतं. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या आमच्या साड्यांच्या दुकानात मी हिशेब बघते. माझ्या डोळ्यांदेखत असे बरेच जण गेले.

म्हणून २०२४च्या फेब्रुवारीत आमचे जुने सेल्समन अण्णा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "ताई, जूनपर्यंत येतो, मग बास. एक जूनला अठ्ठावन्न पूर्ण व्हायलेत. ते कागद-बिगद तुम्हीच बघा की ओ," तेव्हा आता नक्की काय काय करायचं असतं, हे दुकानात कुणालाच धड सांगता येईना. मालकांनाही नाही, मलाही नाही. आमचे टॅक्सचे सल्लागार रिटर्न भरतात, पण माणसाला निरोप कसा द्यायचा ते त्यांच्या फीमध्ये येत नाही. पुढच्या सहा-सात महिन्यांत जे समजलं ते इथं लिहून ठेवते. आजूबाजूच्या दुकानांतून तेव्हापासून विचारणा होतेच आहे.

अण्णांविषयी आधी थोडं. राहायला साखर पेठेत, घरात तेलुगू, दुकानात मराठी, अक्कलकोट-इंडीकडचं गिऱ्हाईक आलं की कानडी, आणि विजापूर वेशीतल्या बायका आल्या की दखनी. लग्नाचा बस्ता घ्यायला वीस माणसं आली की त्यातली कोण पसंत करणार, कोण पैसे देणार आणि कोण नुसतं नाक मुरडणार, हे पाणी देता देता त्यांना कळायचं. "बजेट किती?" असं त्यांनी कधी विचारलेलं मी ऐकलं नाही. "कुणासाठी बघायलाव?" एवढंच विचारायचे. नवरीची, करवलीची, आत्याच्या मानाची की देण्याघेण्यातली, हे समजलं की किंमत त्यांना आपोआप समजायची. दोन-दोन पिढ्यांचे बस्ते त्यांनी बांधलेत. आईच्या लग्नाचा त्यांनी, मुलीच्याही लग्नाचा त्यांनीच, आणि "अण्णा आहेत ना?" असं फोनवर विचारूनच निघणारी घरं आहेत.

पहिला विषय ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मालकानं वर्षांच्या हिशेबानं द्यायच्या रकमेचा निघाला. मालकांच्या मनात अण्णांना लाखभर रुपये द्यायचं होतं आणि ते मनापासून होतं. मी त्यांना म्हटलं, तुमचं बक्षीस तुम्ही द्या, पण कायद्यानं बसतंय ते वेगळं. २०२४ला लागू असलेल्या १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यात दहा किंवा जास्त कामगार असलेलं दुकान यायचं, आणि एकदा आलं की पुढं माणसं कमी झाली तरी बाहेर पडायचं नाही. आम्ही दोन मजले मिळून सव्वीस जण. तेव्हाचा हिशेब सोपा होता. शेवटचा बेसिक अधिक महागाई भत्ता घ्यायचा, त्याला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. अण्णांचा बेसिक-डीए १८,२०० रुपये. म्हणजे वर्षाला १०,५०० रुपये. मी कॅलेंडरच्या मागं मांडून दाखवलं. मालकांनी आकडा पाहिला, चष्मा काढला, परत घातला. मग विचारलं, "हे सगळ्यांनाच लागू?" मी हो म्हटलं. "मग सगळ्यांचंच एकदा काढून ठेवा," म्हणाले आणि फोनवर बोलायला लागले.

आता वर्षं किती, यावर घोडं अडलं. पगारपत्रकात अण्णांचं नाव फेब्रुवारी १९८७पासून आहे. त्यानं ३७ वर्षं आणि वर पाच महिने होतात. सहा महिन्यांहून जास्त असेल तरच वरचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणजे ३७. अण्णा म्हणत होते, "शहाऐंशीच्या दिवाळीत मी दुकानात होतो." फरक एका वर्षाचा, १०,५०० रुपयांचा. मालक म्हणाले, अण्णा म्हणतात तर असेल, धरून टाका. पण हिशेबाला कागद असलेला बरा, उद्या कुणी विचारलं तर तोंडी काय सांगणार?

मग माळ्यावर चढलो. लाल कापडात बांधलेले जुने रोजमेळ, त्यावर बोटभर धूळ आणि मध्येच एक झुरळांचं खटलं. मालकांचे वडील, म्हणजे मोठे मालक, हिशेब कानडीत लिहायचे. मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. शेवटी वही घेऊन मालकांच्या आईकडं, अव्वांकडं गेले. त्या पंच्याऐंशीच्या पुढच्या आहेत, पण नजर चांगली. दिवाळीच्या पोस्ताची यादी काढून त्या बोट फिरवत वाचत गेल्या. हमाल, शिंपी, पाणक्या, आणि सगळ्यात खाली: नवीन पोरगं, साखर पेठ, एकवीस रुपये. अव्वा म्हणाल्या, "हाच. अंगात शर्ट मोठा होता, बाह्या दुमडून यायचा." त्या पानाचा फोटो काढून फाईलला लावला. वर्षं ३८ धरली, रक्कम ३,९९,००० रुपये.

इथं एक सांगते. तुमच्याकडं जुना माणूस असेल तर त्याची रुजू तारीख आत्ताच शोधून ठेवा. बोनस रजिस्टर, पोस्ताची यादी, जुनी हजेरी, काहीही चालेल. आणि ग्रॅच्युइटीचं नॉमिनेशन, म्हणजे आपल्यामागं पैसे कुणाला हे लिहून देणारा फॉर्म (तेव्हा फॉर्म एफ), भरलाय का तेही बघा. आमच्याकडं निम्म्या लोकांच्या फॉर्मवर आईचं नाव होतं, लग्नाआधी भरलेलं.

दुसरा विषय पीएफचा, आणि खरा वेळ यातच जातो. दुकानाला पीएफ लागला २००३च्या एप्रिलमध्ये, वरचा मजला सुरू होऊन माणसं वीसच्या वर गेली तेव्हा. अण्णांचं तेव्हा जे नाव चढलं त्यात वडिलांचं नाव नव्हतं आणि आडनावाचं स्पेलिंग तेलुगू उच्चाराप्रमाणं. आधारवर वेगळं, पॅनवर आधारसारखं. एवढ्यानं क्लेम परत येतो. त्यासाठी तेव्हा जॉइंट डिक्लरेशन करावं लागायचं. कामगार आपल्या लॉगिनमधून दुरुस्ती मागायचा, मालक आपल्या लॉगिनमधून मान्य करायचा, मग ते पीएफ ऑफिसकडं जायचं. मार्चच्या शेवटी टाकलं, मंजूर व्हायला मेचा दुसरा आठवडा उजाडला. मधल्या काळात ७ मेला सोलापूरचं मतदान होऊन गेलं. शुक्राच्या अस्तामुळं मे-जूनमध्ये लग्नतिथी नसल्यासारख्याच होत्या. गल्लीत धंदा थंड होता आणि सगळे कपाळाला हात लावून बसले होते. मला मात्र या कामाला वेळ मिळाला.

लॉगिनची गंमत अशी, की अण्णांच्या आधारला मोबाईल नंबर पुण्यातल्या मुलाचा. दर वेळी ओटीपी पुण्याला जायचा. तो कंपनीत मीटिंगमध्ये असायचा, इकडं आम्ही स्क्रीनकडं बघत बसायचो, तोवर वेळ संपायची. शेवटी अण्णांनी आधार केंद्रात जाऊन पन्नास रुपये भरून स्वतःचा नंबर लावून घेतला आणि कामाला वेग आला. हे सगळ्यात आधी करा. पीएफ नंतर, नंबर आधी.

ई-नॉमिनेशन केलं. पेन्शनच्या फॉर्मला, म्हणजे टेन-डीला, नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. काकूंना घेऊन अण्णा नव्या पेठेत स्टुडिओत गेले, मी सोबत. फोटोग्राफर लाईट लावत होता आणि अण्णा काकूंना म्हणाले, "पदर जरा पुढं घ्या, काठ दिसू दे." फोटोग्राफर म्हणाला, "काका, पासपोर्ट साईज आहे, काठ येत नाही त्यात." अण्णांनी तरी पदर नीट केलाच. १२० रुपये.

एक बारकावा आमच्या सल्लागारांनी वेळेवर सांगितला. अठ्ठावन्न पूर्ण झाले की पेन्शन फंडातली वर्गणी थांबते. अण्णा जूनअखेरपर्यंत कामाला येणार होते, पण १ जूनला वय पूर्ण. म्हणून जूनच्या चलनात (पीएफ भरायच्या महिन्याच्या पावतीत) पेन्शनचा हिस्सा शून्य दाखवून मालकाचा सगळा वाटा पीएफकडं वळवला. हे चुकलं तर पुढं दुरुस्तीत महिने जातात, असं ते म्हणाले.

अण्णांना पेन्शन किती बसेल, हा प्रश्न काकूंनी विचारला, अण्णांनी नाही. खाजगी नोकरीतल्या लोकांचा इथं अपेक्षाभंग होतो, म्हणून मोकळेपणानं लिहिते. सूत्र असं : पेन्शनचा पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. पण पगार कितीही असो, धरताना मर्यादा आहे. सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आणि त्याआधीच्या नोकरीला ६,५००. अण्णांची पेन्शनची नोकरी २१ वर्षं, वीसच्या वर गेली म्हणून दोन वर्षं जादा मिळतात. सगळं धरून महिन्याला तीन हजारांच्या वर, चाराच्या आत. काकू ऐकून थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "गॅस आणि लाईट बिल निघेल की." ग्रॅच्युइटी आणि पीएफ एकदम हातात येणार म्हणून दोन्ही मिळून बँकेत मुदत ठेवीत टाका, मुलाला व्याजाचं सांगा, मुद्दलाचं सांगू नका, असं मी बोलले. माझा अधिकार नव्हता, पण बोलले.

आता सत्काराचं. मालकांना हॉल घ्यायचा होता. अण्णा म्हणाले, मी येणार नाही. ते रागानं म्हणाले नव्हते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून ते खरंच येणार नाहीत असं दिसलं. शेवटी दुकानातच करायचं ठरलं. तारीख ३० जून, रविवार. रविवारी खेड्यापाड्यातलं गिऱ्हाईक येतं, आठवड्याचा मोठा गल्ला तोच. मालकांनी सांगितलं, चारला शटर अर्धं खाली. त्या दिवशी आमच्या बऱ्याच जणांकडं पाण्याचा दिवस होता. सोलापुरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, घरात पाणी भरायला कुणीतरी ठेवूनच निघायचं. म्हणून वेळ साडेपाचची ठेवली.

स्टाफची वर्गणी निघाली, डोई ३०० रुपये, पोरांनी दोनशे दिले तरी चालेल असं ठरलं. त्यात काय घ्यायचं यावर बरीच चर्चा. अंगठी, भिंतीवरचं घड्याळ, देवाची मूर्ती. मी काकूंना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, "ह्यांचे गुडघे बसत नाहीत आता. घरात उकिडवं बसायचं संडास आहे. कमोड बसवायचं म्हणते तर ह्यांना खर्च वाटतो." ३८ वर्षं गादीवर मांडी घालून, उठून, परत बसून गुडघे गेलेले. कमोड, नळजोडणी, गवंडी मिळून साडेआठ हजारांच्या आसपास खर्च निघाला. स्टेजवर देण्याची वस्तू नव्हती, म्हणून पाकिटात चिठ्ठी घातली आणि गवंडी सोमवारी येईल असं लिहिलं. काही जणांना हे बरं वाटलं नाही. माझ्या मते वर्गणीतनं आणलेली वस्तू रोज वापरली गेली पाहिजे, नाहीतर ती कपाटावर जाते.

मानपत्र मी लिहायचं ठरलं. पहिला मसुदा एका पोरानं मोबाईलवरून काढून दिला, त्यात अण्णा दीपस्तंभ होते, वटवृक्ष होते आणि कर्मयोगीही होते. अण्णांचं नाव काढून दुसऱ्या कुणाचंही घातलं असतं तरी चाललं असतं. ते बाजूला ठेवून जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. अक्कलकोटच्या एका आजींनी सांगितलं की १९९३च्या भूकंपानंतरच्या वर्षी मुलीच्या लग्नाला पैसे कमी पडले, तेव्हा अण्णांनी मोठ्या मालकांकडं शब्द टाकून बस्ता उधारीवर दिला, आणि वसुलीला कधी घरी आले नाहीत. होटगीकडच्या एका बाईंनी सांगितलं की त्या विधवा झाल्यावर पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा अण्णांनी न विचारता रंगीत साड्या पुढं टाकल्या. हेच मानपत्रात घातलं, जसंच्या तसं, बायकांची नावं न घेता. एक पान झालं. फ्रेम ८५० रुपये. फेटेवाला, हार, श्रीफळ मिळून दोन हजारांच्या आत. शाल घेतली नाही, जकार्डवरची इथलीच चादर पांघरली. जेवण ताटाला १६० रुपये : कडक भाकरी, वांगं, शेंगाची चटणी, हुग्गी आणि ताक.

भाषणं तिघांनीच करायची असं आधीच सांगून ठेवलं होतं. तरी चौथे एक उठले आणि स्वतःच्या दुकानाचा इतिहास सांगून बसले. असं होतं, धरून चाला. अव्वांनी चादर पांघरली. अण्णांना बोला म्हटलं तर त्यांनी माईक घेतला आणि सांगायला सुरुवात केली : वरच्या माळ्यावर उजव्या कोपऱ्यात नऊवारीचा एक गठ्ठा आहे, तो दिवाळीआधी काढा. मंगळवेढ्याच्या एका घरचा बस्ता मार्गशीर्षात येणार आहे, त्यांना हिरवा शालू चालत नाही. खालच्या कपाटाचा तिसरा खण ओल धरतोय, त्यात रेशीम ठेवू नका. एवढं बोलून बसले.

मग पोरांनी ठरवलेलं केलं. अण्णांना आणि काकूंना गिऱ्हाईक म्हणून गादीसमोर बसवलं. लग्नानंतर काकू या दुकानात साडी घ्यायला कधी आल्याच नव्हत्या, साडी अण्णाच घरी न्यायचे. दोघा पोरांनी माल पाडायला सुरुवात केली. इरकल, पैठणी, कांजीवरम. पोरगं साडी उलगडतंय आणि अण्णांचे हात आपोआप पुढं जाऊन मागची साडी घडी करतायत. काठावर काठ, पदर आत, मांडीवर ठेवून तळहातानं एक दाब, बाजूला. काकूंनी तेलुगूत त्यांना दटावलं, सगळे हसले. पैठणीला त्यांनी हात लावून ठेवून दिलं. गर्द जांभळी टोपपदराची इरकल घेतली आणि मालकांना विचारलं, "स्टाफचं डिस्काउंट आजपर्यंत की उद्यापासून बंद?"

ग्रॅच्युइटीचा अर्ज, फॉर्म आय, अण्णांनी मेअखेरीसच दिला होता. तारीख आधी माहीत असेल तर आधीही देता येतो. आम्ही फॉर्म एल देऊन रक्कम कळवली आणि १० जुलैला चेक दिला. कायद्यानं तीस दिवस असतात, त्यापुढं व्याज लागतं. या रकमेवर अण्णांना आयकर नाही. पीएफला मात्र थांबावं लागलं. जूनचं चलन १५ जुलैपर्यंत भरलं जातं, ते खात्यावर दिसल्यावर नोकरी सोडल्याची तारीख टाकायची, आणि मगच पीएफ काढायचा फॉर्म नाईन्टीन आणि पेन्शनचा टेन-डी. पंचावन्नच्या पुढच्या निवृत्तीला थांबायची अट नाही, हे लक्षात ठेवा. पीएफ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जमा झाला. पेन्शनची ऑर्डर, पीपीओ, सप्टेंबरमध्ये आली, जूनपासूनच्या फरकासकट.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो. त्याचं ऑनलाईन रूप, जीवन प्रमाण, मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतं. अण्णांना पहिल्यांदा जमलं नाही, काकूंनी फोन धरला तेव्हा झालं.

पुढच्या वर्षी आमचे शर्टिंगवाले मामा अठ्ठावन्नचे होतायत. त्यांच्या पीएफमध्ये जन्मतारीख १ जानेवारी लागलीय आणि शाळेच्या दाखल्यावर १ जून. दुरुस्ती परवाच टाकली. रुजू तारखेसाठी अव्वांना पुन्हा वही वाचायला बसवणार आहे.